पाळ आणि पाळी

त्या आठवड्याच्या माझ्या यादीत अकरा कामं होती. चौथं असं होतं : ‘तलावाची सलंग दीड फूट उंच करणे. ठराव घेणे. महिनाअखेर.’ बाकीची दहा मला आज आठवत नाहीत. बहुधा ती झाली असावीत. चौथं झालं नाही, आणि त्याबद्दल मी एका माणसाचा अजून आभारी आहे.

मी यादी करणारा माणूस आहे. सकाळी चहाच्या आधी यादी, संध्याकाळी खोडलेल्या ओळी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तुमसर तालुक्यातल्या एका गावात ग्रामसेवक म्हणून रुजू झालो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. कारभार म्हणजे तुंबलेल्या कामांची यादी, ती खालपर्यंत खोडली की गाव सुधारलं, अशी माझी सरळ समजूत होती.

गावाला मालगुजारांच्या काळातला तलाव होता. त्याची लांबच लांब मातीची पाळ, म्हणजे बांध, गावाच्या वरच्या अंगाला. तिच्यावर उभं राहिलं की आंबागडचा डोंगर दिसायचा. पाळीच्या एका टोकाला दगडी सलंग होती. तलाव काठोकाठ भरला की जास्तीचं पाणी तिच्यावरून नाल्याला निघून जाई. पाळीच्या पोटात तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार होतं. त्याचं तोंड उघडलं की पाणी खालच्या धानाच्या बांध्यांत उतरे. बांधी म्हणजे चारही बाजूंनी मातीचे धुरे घातलेला भाताचा तुकडा. पाट असे वेगळे नव्हतेच. एका बांधीच्या धुऱ्याला तोंड पाडायचं, तिथून पाणी खालच्या बांधीत, तिथून आणखी खालच्या. पायऱ्या उतरल्यासारखं ते उतरत जाई आणि सगळ्यात शेवटी पोहोचे, पोहोचलं तर, एका बाईच्या पाच बांध्यांत.

ती बाई पोळा झाल्यावर चार दिवसांनी कार्यालयात आली. वय तिशीच्या आसपास, हातात विळा तसाच. नवरा चिखल्याच्या मँगनीजच्या खदानीत कामाला होता, रविवारी घरी यायचा. शेती हीच करायची. त्यांच्या मोहल्ल्यात, म्हणजे विहाराकडच्या वस्तीत, स्वतःची जमीन झालेलं हे पहिलं घर. सासऱ्यांनी दुसऱ्यांच्या बांध्यांत आयुष्य काढून ती मिळवली होती.

“सेवकसाहेब, तलाव भरला हाये ना?”

“भरला आहे. सलंगीवरून पाणी चाललंय.”

“मंग दोन वर्सं झाले, धान गर्भात आलं का माह्याच बांधीतलं पाणी काहून आटते?”

मी उत्तरादाखल वही उघडली. तिने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“यंदा बी पोचट झालं तर दिवाळीनंतर मी लेकरं घेऊन खदानीवर जाईन. तिकडे खोली भेटून राहिली. जमीन देऊन टाकू कोनाले तरी. अन् एक सांगतो, एकदा गेली का वापस येनं होत नाही. सासऱ्यानं बांधलेले धुरे हायेत ते.”

एवढं बोलून ती उठली. मी लिहिलं : शेवटच्या बांध्या, पाणी कमी. आणि त्याच आठवड्यात पंचायत समितीचे ओव्हरसियर आले. तलावांच्या कामासाठी तरतूद आहे, म्हणाले. सलंग दीड फूट उंच केली की साठा वाढतो. गावचा ठराव महिनाअखेर पाहिजे. मला वाटलं, प्रश्न आणि उत्तर एकाच आठवड्यात चालत माझ्या दारात आले. चौथ्या क्रमांकाचा जन्म असा झाला.

आता सरपंचांबद्दल. पन्नाशीचे, काटकुळे, चौथीपर्यंत शिकलेले. भाषण त्यांना येत नसे. कोणी काही सुचवलं की ते मान तिरकी करून एवढंच विचारत, “अन् मंग?” उत्तर दिलं की पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी समोरचा एक तर चिडायचा, नाही तर विचार करायला लागायचा. ही सवय त्यांना कोंडवाड्यामुळे लागली, असं लोक सांगत. त्यांच्या आधीच्या पंचायतीनं मोकाट गुरांचा दंड दुप्पट केला होता. हेतू चांगला. झालं असं की लोकांनी म्हातारे बैल सोडवून न्यायचंच बंद केलं, आणि सारी पंचायत महिनाभर दुसऱ्यांच्या बैलांना चारा घालत बसली. तेव्हा हे साधे सदस्य होते आणि दंड वाढवायला यांनीही हात वर केला होता. ही गोष्ट ते स्वतः हसत सांगत. बाकीचे सदस्य ती विसरून गेले होते.

सभेत मी ठराव वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“सलंग वाढली,” सरपंच म्हणाले. “अन् मंग?”

“पाणी जास्त साचेल.”

“अन् मंग?”

“शेवटच्या बांधीपर्यंत जाईल.”

“काहून जाईन?”

हा प्रश्न मला नवा होता. पाणी जास्त झालं की पुढे जाणारच, यात ‘काहून’ काय? एक तरणा सदस्य वैतागला. “सरपंच, तुमचं म्हंजे असं हाये, वऱ्हाड निघालं का तुमी पोरगी पाहाले जाता.”

“तू नाही पाह्यली म्हनूनच तर रोज मार खाऊन राहिला,” सरपंच म्हणाले. सभा हसली, तरणाही हसला, आणि ठराव आठ दिवस पुढे गेला.

मी हसलो नाही. सरपंचांच्या स्वतःच्या बांध्या तुडुमाला लागून, अगदी पहिल्या होत्या. त्यांना पाण्याची ददात नव्हती. शेवटच्या बाईला पाणी मिळालं काय अन् न मिळालं काय, यांना काय फरक, असं मी मनात म्हटलं. हे मी लिहितो आहे कारण ते खरं आहे आणि मी चुकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. खांद्यावर गवंड्याची पाणी भरलेली रबरी नळी, काखेत बांबूचे खुंट.

“चाला बाबू. तुमची दीड फूट सलंग कोठी कोठी जाते ते पाहू.”

पद्धत सोपी होती. नळीच्या दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत राहतं. सलंगीच्या काठाला एक टोक, त्यावर दीड फूट मोजायचं, आणि तलावाच्या काठानं पुढे सरकत जिथे जिथे ती पातळी जमिनीला टेकेल तिथे खुंट ठोकायचा. मी सायकलच्या हँडलवर वही ठेवून लिहीत होतो. दुपारपर्यंत एकतीस खुंट ठोकले.

सपाट काठावर दीड फूट उंची म्हणजे किती लांबी, याचा मी हिशोबच केला नव्हता. खुंट वरच्या गावाच्या नऊ बांध्यांच्या आत गेले. एक खुंट त्या गावाच्या पिण्याच्या विहिरीच्या कट्ट्याला जाऊन टेकला. आंधळगावच्या बाजाराला जायची पाऊलवाट दोन ठिकाणी पाण्याखाली येत होती. तलावाच्या गवताळ काठाशी ढीवरांचा एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्यानं खुंटाकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय मांडव घालून राहिले का?”

सरपंचांनी सांगितलं.

“घाला मंग,” म्हातारा म्हणाला. “मासोळी इथी घोटाभर पान्यात गवताले अंडे देते. तुमी तिच्यावर कंबरभर पानी करा. तिले बी सांगा, ग्रामसेवकानं ठराव केला म्हना, आता तिकडे बाभळीवर अंडे दे.”

पाळीवरून परत येताना सरपंच एका जागी थांबले. बाहेरच्या अंगाला माती ओली होती, खेकड्यांची बिळं होती. तलाव आहे तेवढ्या पाण्यानंच तिथून झिरपत होता. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं ओल दाखवली आणि पुढे निघाले. घरी येऊन मी यादी नीट उतरवली. दोन पानं झाली. ती माझ्याच अक्षरात होती, म्हणून तिच्याशी भांडायची सोय नव्हती.

तरी मी म्हटलंच, “हे सगळं खरं, पण त्या बाईचं काय? तिचं धान यंदाही पोचट व्हायचं का?”

“तेच तर पाहाचं राह्यलं ना,” ते म्हणाले. “आज पान्याच्या डोक्याकून पाह्यलं. उद्या शेपटाकून पाहू.”

दुसऱ्या दिवशी ती बाई आमच्या पुढे चालत होती. आम्ही तिच्या शेवटच्या बांधीपासून सुरुवात केली आणि तुडुमाकडे चढत गेलो. सरपंचांच्या हातात एक काठी, तिच्यावर विळ्यानं बोटाबोटाच्या खुणा केलेल्या. प्रत्येक बांधीत काठी बुडवायची, मी आकडा लिहायचा. बाईच्या बांधीत पाय रुतत होता, पाणी नव्हतं. वरच्या दोन बांध्यांत दोन बोटं. मग चार. अर्ध्या वाटेवर वीत. तुडुमाजवळ आलो तर काठी अर्धी बुडाली, पोटरीभर पाणी. धानाला त्या दिवसांत एवढं पाणी लागत नाही, हे मला शेतकी शाळेतल्या तीन महिन्यांपुरतं तरी माहीत होतं.

एका धुऱ्यावर बसलेल्या शेतकऱ्याला मी विचारलं, “एवढं कशाला भरून ठेवलंय? खाली जाऊ द्या की.”

“राहू द्या ना साहेब. बिघडते काय?”

“खाली पोहोचत नाही.”

“पोहचत नाही म्हनूनच तर ठेवलं. आज सोडलं अन् उद्या तुडूम बंद झालं तर? पुन्हा कधी उघडन, तुमाले मालूम हाये?”

मला मालूम नव्हतं. कोणालाच नव्हतं. ज्याला गरज तो पाळीवर जाऊन ओरडायचा. ज्याचा आवाज मोठा त्याच्यासाठी तुडूम उघडायचं. पुढचे सगळे तेच सांगत गेले. आम्ही सरपंचांच्या बांधीपाशी आलो. काठी त्यांनी स्वतः बुडवली. सगळ्यात जास्त पाणी तिथे होतं. त्यांच्या पत्नी धुऱ्यावर गवत कापत होत्या.

“इतकं काहून भरलं?” सरपंचांनी त्यांना विचारलं.

“भरीन नाही तर काय? तुमचा काय भरोसा! गावभर पानी वाटत फिरसान अन् घरचं धान वाळन. दोन वर्सं झाले, मीच तोंड बांधून ठेवतो.”

ती बाई मोठ्यानं हसली. सरपंचांनी मला आकडा दाखवला. “लिहा बाबू, वर लिहा. सरपंचाची बांधी, पोटरीभर.”

मला वाटलं होतं ते आता ओशाळतील. ते तर खुशीत आले होते, हरवलेलं जनावर सापडावं तसे. पाळीखालच्या मोहाच्या सावलीत ते उकिडवे बसले आणि काठीनं मातीत रेघ ओढत म्हणाले, “पाहा. खाली पानी पोहचत नाही, म्हनून सारे ओरडतात. ओरडा आयकून वरच्याले भेव वाटते, आपलं बी जाईन. भेवानं तो भरून ठेवते. त्यानं भरून ठेवलं का खाली पोहचत नाही.” रेघ फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. “आता याच्यात तुमची दीड फूट सलंग टाका. अन् मंग?”

“वरचे आणखी भरतील,” मी म्हणालो.

“धुरा पुरन तेवढं भरतीन. मंग धुरे उंच करतीन.”

पुढे अनेक वर्षांनी एका प्रशिक्षणात एका साहेबांनी फळ्यावर बाण काढून असंच वर्तुळ दाखवलं. कारण परिणाम होतं, परिणाम पुन्हा कारण होतो, म्हणून निर्णय घेण्याआधी सगळं जाळं पाहा, असं ते समजावत होते. शेजारचा अधिकारी मला म्हणाला, अवघड आहे हो. मला ते अवघड वाटलं नाही. मी ते मातीत काढलेलं पाहिलं होतं, आणि वर्तुळात स्वतःचं नाव पहिलं लिहायला लावणारा माणूसही पाहिला होता. फळ्यावरच्या वर्तुळात साहेबांनी स्वतःला कुठे ठेवलं नव्हतं.

“मग करायचं काय?” मी त्या दिवशी विचारलं.

सरपंच उठले, धोतराची माती झटकली. “सोपं हाये. पाळ नाही वाढवाची. पाळी बदलवाची.”

पाळी, म्हणजे पाण्याची पाळी. कोणाला कधी, हे आधीच ठरलेलं आणि साऱ्यांना माहीत. मला यादी करायचा हुरूप आला. रात्रीतून नकाशा घेऊन मी बांध्यांचे क्रम लावले, तुडुमापासून खालपर्यंत, प्रत्येकाला सारखे तास. सरपंचांनी कागद पाहिला आणि तो उलटा धरला. “आता वाचा. खालून वर.”

“पण पाणी वरून खाली जातं.”

“पानी वरून जाऊ द्या. पाळी खालून येऊ द्या.”

कारण त्यांनी मला सांगितलं नाही. गावालाच एकदम सांगू, म्हणाले. त्यासाठी दवंडी दिली, आणि तिथे एक घोटाळा झाला जो आमच्या गावातच होऊ शकतो. कोतवालाला मी सांगितलं होतं, “उद्या सकाळी पाळीच्या कामाला सर्वांनी यावं.” म्हणजे पाण्याच्या पाळीच्या. आता पाळ आणि पाळी, नुसता प्रत्यय लागला की दोन्ही शब्द सारखेच. सकाळी मी कार्यालयात सतरंजी अंथरून बसलो तर कुणीच नाही. तासाभरानं कोतवाल धापा टाकत आला. सारं गाव फावडी-टोपली घेऊन तलावाच्या पाळीवर उभं होतं, माती टाकायला.

मी पळत गेलो, चार शिव्या ऐकायची तयारी ठेवून. त्या मिळाल्याच. “साहेब, माती कोठी टाकाची सांगा, नाही तर तुमच्यावरच टाकतो.” सरपंच मात्र गर्दीकडे पाहून म्हणाले, “बराबर आले. फावडे पाह्यजेच होते.” आणि सभा तिथेच, पाळीवर, सुरू झाली. एका बाजूला खुंटांची ओळ दिसत होती, दुसऱ्या बाजूला साऱ्या बांध्या. कार्यालयात बसून मला हे समजावता आलं नसतं.

त्यांनी खुंट दाखवले, काठीवरचे आकडे माझ्याकडून वाचून घेतले, स्वतःचा पहिला. मग पाळी सांगितली : शेवटची बांधी आधी, मग तिच्या वरची, असं चढत तुडुमापर्यंत. फेरी दहा दिवसांची. अकराव्या दिवशी पुन्हा शेवटापासून. ज्याची पाळी नाही त्याच्या बांधीतून पाणी नुसतं पुढे जाईल.

वरच्या बांध्यांचा एक जाडजूड शेतकरी फावडं टेकून उभा होता. “म्हंजे माह्या बांधीतून पानी जाईन, अन् माहं युरिया बी घेऊन जाईन. मी खत टाकू अन् त्यायचं धान हिरवं होईन?”

हा खरा आक्षेप होता. मी घाबरलो, कारण माझ्या यादीत तो नव्हता. वाहतं पाणी खत खाली नेतं, हे तर सगळे जाणत होते.

सरपंच म्हणाले, “तुही पाळी कधी?”

“आठव्या दिवशी म्हनून राहिले ना तुमी.”

“आठव्या दिवशी तुह्या खालच्या साऱ्याइचं झालं. अन् मंग?”

“मंग… मंग खाली कायले जाईन पानी?” तो थांबला. “खालचं तोंड बांधून टाकीन मी.”

“अन् खत?”

“तवाच टाकीन. दहाव्यापर्यंत ते माह्याच बांधीत राहीन.” तो एकदम खवळला, “मंग हे पयले सांगाचं ना! उगाच माह्या तोंडून वदवून राहिले.”

लोक हसले. पाळी वरून खाली असती, तर पहिल्याचं खत नऊ दिवस वाहत राहिलं असतं, म्हणून त्यानं खालचं तोंड उघडलंच नसतं. खालून वर असल्यानं शेवटच्याचा न्याय आणि वरच्याचा फायदा एकाच दोरीत बांधले गेले. दयेवर चालणारी कोणतीही योजना दोन वर्षांपेक्षा जास्त टिकलेली मी नोकरीत पाहिली नाही. ही दयेवर नव्हती.

ओव्हरसियर विचारतील तसा एक प्रश्न मी विचारला : खालची बांधी भरली हे वरच्याला कळणार कसं? पाऊण कोस अंतर. सरपंचांनी त्या बाईकडे पाहिलं. “वहिनी, पानी पोहचलं का नाही, हे सगळ्यात आधी कोनाले मालूम होते?”

“मले. अन् नाही पोहचलं तं तेबी मलेच.”

“मंग तुमीच फिरवा पाळी. तुमची बांधी भरली का थाळी वाजवा. वरच्यानं खालचं तोंड बांधून आपल्या बांधीचं उघडाचं. त्याची भरली, त्यानं वाजवाची.”

“अन् कोनी मंधातच तोंड फोडलं तं?”

“थाळी नाही वाजली तं मी खालून वर काठी घेऊन येतो. पयले आपल्याच घरून सुरू करतो.”

मग ते पाळीवरून उतरले. सगळं गाव पाहत असताना स्वतःच्या पहिल्या बांधीत गेले, पाणी खाली काढून दिलं आणि पाण्याची वाट कडेकडेनं पुढे जाईल अशी धुऱ्याची तोंडं करून दिली. पत्नी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पण लोकांच्या हातात फावडी होतीच. पुढच्यानं आपली बांधी केली, मग त्याच्या पुढच्यानं. माती टाकायला आलेलं गाव दुपारपर्यंत तोंडं करून मोकळं झालं. दवंडी बरोबर दिली असती तर सतरंजीवर माना डोलावून सगळे घरी गेले असते.

दसऱ्याच्या आधी पाऊस गेला. धान गर्भात होतं, म्हणजे लोंब्या अजून पोटातच. तुडूम उघडलं, आणि पहिला दिवस काही झालं नाही. पाणी भेगांत मुरत गेलं. दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या बांधीतला चिखल वर सुकायला लागला. लोक जाता-येता त्या चिखलाकडे पाहत. तो त्या दिवसांत गावचा सूचनाफलक होता. त्यांनी एकदा जरी आपलं तोंड फोडलं असतं तर संध्याकाळपर्यंत वरचे सगळे फोडून मोकळे झाले असते. मी दर दोन तासांनी खाली-वर सायकल मारत होतो. सरपंच पाळीवर बसून सुतळी वळत होते. मी म्हटलं, “तुमचं धान पिवळं पडलं तर?”

“पडन थोडं,” ते म्हणाले. सुतळी थांबली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी बाईच्या धुऱ्यावर होतो. पाणी आलं तेव्हा त्याचा आवाज नव्हता. शेवटच्या तोंडातून आधी थोडा कचरा आला, एक खेकडा आला, आणि मग जिभेसारखं पाणी. बाईनं हात घातला. “गरम हाये,” ती म्हणाली. सगळ्या बांध्यांचं ऊन घेऊन आलेलं पाणी. दुपारी पाची बांध्यांत चार-चार बोटं पाणी उभं राहिलं. तिनं घरून काशाची थाळी आणली होती. ती इतक्या जोरानं वाजवली की बगळे उडाले. वरच्या बांधीवरून लगेच ओरडा आला, “आयकलं, आयकलं! थाळी फोडतं का?”

त्यानंतर आठवडाभर मी कार्यालयात बसून थाळ्या ऐकल्या. एकेक थाळी तुडुमाच्या जवळ येत गेली. सरपंचांची सगळ्यात शेवटची.

हे सगळं निर्दोष होतं असं मी म्हणणार नाही, आणि सरपंचांनाही त्यांच्या पत्नीनं तसं म्हणू दिलं नाही. उभं पाणी कमी झालं तसं वरच्या बांध्यांत तण माजलं. भरलेल्या पाण्याखाली ते दबून राहायचं, हे आमच्या दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं. निंदायला बायांना आणखी दहा दिवस वाकावं लागलं. सरपंचांच्या पत्नीनं मला अंगणात गाठलं. “तुमच्या वहीत आमची कंबर हाये का कोठी? सगळ्याइले इचारलं, ढीवराले इचारलं, मासोळीले इचारलं. निंदनारीले इचारलं का?” मी सरपंचांकडे पाहिलं. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी दोन्ही कान धरले. पुढल्या वर्षी पाळी ठरवायला बायांना बोलावलं, आणि रोवणीनंतरचे पहिले तीन आठवडे सगळ्यांनी पाणी भरून ठेवायचं, पाळी त्यानंतर, असं ठरलं. तण आटोक्यात आलं. कोंडवाड्याच्या शेजारी त्यांनी सांगायला आणखी एक गोष्ट जमा केली, स्वतःच्याच चुकीची. मोठ्या हुद्द्याची पुष्कळ माणसं मी नंतर पाहिली. आपली चूक अशी जवळ बाळगून ती कामाला लावणारी फार थोडी.

समितीला आम्ही सलंगीऐवजी पाळीच्या झिरपत्या जागेच्या दुरुस्तीचा ठराव पाठवला. ओव्हरसियर खुंट पाहून गेले, नकाशात विहीर दाखवलेलीच नाही म्हणाले, आणि त्यांनी ती स्वतःच्या पेनानं काढून घेतली. दुरुस्ती दोन वर्षांनी झाली. तेवढी वाट पाहता आली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी कापणीची नोंद घेत खालपर्यंत गेलो. बाईच्या खळ्यावर धानाचा ढीग होता. तिनं मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले. दाबून पाहिले, भरलेले होते. तिचा नवरा मँगनीजच्या ट्रकनं नुकताच आला होता. अंगावर काळी धूळ तशीच. त्याला खोली मिळाली होती. किल्ली त्यानं करगोट्याला बांधून आणली होती.

“लाइट हाये,” तो मला सांगत होता, बायकोला ऐकू जाईल असं. “नळ हाये. शाळा जवळ हाये. साहेब, तुमीच समजवा हिले. धान झालं ना यंदा? आता चांगल्या भावात जमीन देता येते.”

मी तळहातावरचे दाणे ढिगावर टाकले. यादीत नसलेल्या कामात पडू नये, हे तोवर शिकलो होतो. आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रोज जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी कुणीतरी हवं असतं.

बाई सुपानं धान वारवत होती. थांबली नाही. “उन्हाळ्यात येतो ना मी,” ती म्हणाली. “धान घरात आलं का चार महिने तिकडेच. लेकरं बी येतीन. पान्याच्या दिवसात नाही जमत.”

“काहून नाही जमत? तुह्या बिगर काय तलाव अडते?”

“अडते,” ती म्हणाली. सूप खाली ठेवलं. “मी इथी नसली तं पाळी कोन फिरवन? वरच्यायले काय मालूम, खाली पोहचलं का नाही ते.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती थट्टा करते आहे का, हे त्याला माझ्या तोंडावर वाचायचं होतं. ती थट्टा करत नव्हती. गेल्या फेरीत ती आंधळगावच्या बाजाराला गेली होती आणि अर्ध्या गावाच्या बांध्यांची तोंडं तिची थाळी ऐकेपर्यंत बंद होती. लोक धुऱ्यांवर बसून बिड्या ओढत तिची वाट पाहत होते. मी त्याला ते सांगितलं.

त्यानं ढिगाकडे पाहिलं. मग शर्ट काढून धुऱ्यावर ठेवला, कोपऱ्यात पडलेलं दुसरं सूप उचललं आणि वाऱ्याची दिशा पाहून तिच्या शेजारी उभा राहिला.

“चार महिने म्हनली ना,” तो म्हणाला. “पाच कर.”

“पाहू,” ती म्हणाली. “पयले हे धान घरात येऊ दे.”